शिगवण गुरुजींची मान

शिगवण गुरुजींनी शर्टाची कॉलर मागे ओढली, मान खाली घातली आणि जागृतीच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्याला ओळखत नाही. केसपेपर तिच्या हातात होता. गुणाजी सखाराम शिगवण, वय त्र्याहत्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, आणि पुढे हरिहरेश्वरच्या वाटेवरच्या एका गावाचं नाव. ते वाचून तिने वर पाहिलं तेव्हा समोर नुसता एक म्हातारा होता, सुनेच्या दंडाला धरून जपून पाय टाकणारा, आणि श्रीवर्धनच्या तिच्या दवाखान्यात असे म्हातारे रोज येतात. पण आता ती त्याच्या मागे उभी होती आणि तिला ते कान दिसत होते. पाळीशी जरा दुमडलेले, वरच्या कडेला केसांचा झुपका. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचे कान मागूनच दिसतात. चौथीचं अख्खं वर्ष पहिल्या रांगेत बसून तिने ते पाहिले होते, आणि ते मागे वळायला लागले की ती पाटीवर डोळे लावायची.

"कुठून सुरू होतं?" तिने विचारलं. आवाज रोजच्यासारखाच आला.

"इथून, मॅडम. मानेच्या खळग्यातून." त्यांनी आपला हात मागे आणला. "मग कानामागून वर चढतं आणि डोळ्याच्या मागे येऊन बसतं. उजव्याच. डावीकडे कधी नाही."

सून, पूनम, दाराशी उभी होती. "मुंबईला सगळं करून झालं," ती म्हणाली. "डोक्याचा फोटो काढला, डोळे तपासले. डोक्यात काही नाही म्हणाले. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, डोकं मानेतून दुखतंय, फिजिओथेरपी करून बघा. तीन वर्षं झाली, मॅडम. हे दिवसचे दिवस आडवे असतात."

जागृतीने त्यांना उताणं झोपवलं, उशी काढली आणि त्यांचं डोकं आपल्या दोन्ही तळव्यांत घेतलं. माणसाचं डोकं किती जड असतं याचं तिला शिकताना नवल वाटलं होतं, आता वाटत नसे. हनुवटी छातीकडे नेऊन तिने ते डावीकडे वळवलं, ते बऱ्यापैकी वळलं. उजवीकडे वळवलं तेव्हा अर्ध्यावर अडलं, गंजलेल्या बिजागरीसारखं. मग तिने कवटीखालच्या दुसऱ्या मणक्याच्या कडेला अंगठा ठेवला आणि हळूहळू भार दिला. गुरुजींचे ओठ थरथरले. "हेच," ते म्हणाले. "हेच ते, मॅडम. डोळ्यात आलं बघा." आणि त्या डोळ्यातून पाणी वाहून कानात गेलं. ते दुखण्याचं नव्हतं. तीन वर्षं लोकांना सांगून जी जागा कोणाला सापडली नाही ती या बाईला पहिल्या दहा मिनिटांत सापडली होती, म्हणून ते रडत होते. जागृतीने हे इतर पेशंटमध्येही पाहिलं होतं. या क्षणानंतर पेशंट तुमचं सगळं ऐकतो. तुम्ही म्हणाल ते त्याला खरं वाटतं.

तो अंगठा तिने लगेच उचलला नाही. किती वेळ होता ते तिला नंतर सांगता आलं नसतं, दोन श्वास असतील. याच जागी गुरुजींचा अंगठा आणि पहिलं बोट असायचं. पोराची मान चिमटीत धरायची आणि डोकं पाटीपर्यंत खाली न्यायचं, कपाळ पाटीला टेकेपर्यंत. मारणं नव्हे ते. मारकुटे गुरुजी म्हणून त्यांचं नाव नव्हतंच, छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही. उरणजवळच्या त्या गावात शाळेच्या मागच्या भिंतीपासून मिठागरं सुरू व्हायची, दुपारी खिडक्यांतून इतका पांढरा उजेड यायचा की डोळे बारीक करून वाचावं लागे. सगळी पोरं मिठागरातल्यांचीच. सगळी घरच्यासारखंच बोलायची, आणि गुरुजींनी ठरवलं होतं की या वर्गातून जाताना प्रत्येक पोर शुद्ध बोलेल. बाकीच्यांनी काहीतरी मार्ग काढला, कोणी गप्प बसायला शिकलं, कोणी पुस्तकातलं बोलायला. जागृती तेव्हा नऊ वर्षांची. एका दुपारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मना बाहेर जावाचा हाय." गुरुजी हसले. "काय हाय?" वर्ग हसला. "परत बोल." ती परत बोलली, तेच, कारण दुसरं काही तिला येत नव्हतं. "नीट बोल, मग जा." त्यांनी तिला पुढे आणलं, मान चिमटीत धरली आणि वर्गाकडे वळवली. ते आवाज चढवत नव्हते, शांतपणे शिकवत होते. मला. बाहेर. जायचं. आहे. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिच्या पायांवरून गरम ओघळ गेला आणि सारवलेल्या जमिनीत मुरला. वर्ग हसायचा थांबला, ते तिला हसण्याहून वाईट वाटलं. गुरुजी म्हणाले, "वाक्य पूर्ण कर."

"मॅडम, झालं का?" गुरुजींनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "आठवड्यातून दोनदा यायचं. सहा आठवडे. बरं वाटेल."

आणि तिने उपचार नीट केले. ही गोष्ट नंतर ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असे. मणके मोकळे करायला बोटांनी संथ ठेका धरावा लागतो, त्यात तिने घाई केली नाही. पंच्याची कड मानेमागे धरून, गालावरून पुढे ओढत, मान उजवीकडे वळवायला शिकवलं. मानेखाली हवेची पिशवी ठेवून, कोणाला हळूच हो म्हणावं तशी हनुवटी आत घ्यायला लावली. दिसायला हा व्यायाम काहीच नाही, पण मान तोलून धरणारे आतले स्नायू त्यानेच जागे होतात. गुरुजी घरचा अभ्यास करणाऱ्या मुलासारखे सगळं करत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज सकाळ-संध्याकाळ बरोबरची खूण करतात, असं पूनमने सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात उजवीकडची अडणारी मान आणखी दोन बोटं वळली. पाचव्या खेपेला ते एकटे आले, एसटीने. गेल्या आठवड्यात डोकं एकदाच दुखलं, म्हणाले. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती.

"तुम्हाला काही दाखवायचं आहे," ते म्हणाले आणि पिशवीतून तीन वह्या काढल्या. लांब, जाड पुठ्ठ्याच्या. आत निळ्या शाईत, फळ्यावर असायचं त्याच अक्षरात, शब्द होते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, खाली कोणी सांगितला त्याचं नाव आणि गाव. दालदी मच्छीमारांचे, कोळ्यांचे, कुणब्यांचे. "नोकरीत सगळा किनारा फिरलो," गुरुजी सांगत होते. "तेव्हा कळलं नाही. आता कळतंय, ही बोलणी संपत चालली. पोरं टीव्हीसारखं बोलतात. म्हटलं, आपल्या हयातीत होईल तेवढं उतरून ठेवू. पण मान वाकवली की डोकं उठायचं. तीन वर्षांत एक पान झालं नाही. काल सात शब्द लिहिले, मॅडम. तुमच्यामुळे." त्यांनी तिसरी वही उघडली. तीत बरीच पानं कोरी होती. "तुमचं माहेर उरणकडचं, असं पूनम म्हणाली. मिठागरातले शब्द माझ्याकडे फार थोडे आहेत. कोंडी आहे, म्हणजे मिठाचा वाफा, उघाडी आहे, खाडीचं पाणी आत घ्यायचं दार. पण कोंडीत पाणी तापलं की वर पहिली पांढरी साय धरते बघा, तिला तुमच्याकडे एक शब्द आहे. मी तिथे पाच वर्षं होतो, कानावरून गेलाय माझ्या. फार गोड शब्द होता. आठवत नाही."

तो शब्द जागृतीच्या तोंडात होता. आई, ठमी, पहाटे कोंडीच्या बांधावर बसून तो हाक मारल्यासारखा म्हणायची, धरली रे म्हणून बापाला सांगायची. वीस-बावीस वर्षांत जागृतीने तो उच्चारला नव्हता. मुलींच्या हॉस्टेलवर, कॉलेजात, लग्नानंतर परेशच्या घरी, ती इतकं स्वच्छ बोलायची की लोक पुण्याच्या का म्हणून विचारायचे, आणि तिला बरं वाटायचं. ते बरं वाटणं ज्याने तिच्यात भरलं तो माणूस आता पेन उघडून बसला होता. जे त्याने तिच्या तोंडातून चिमटीने काढून टाकलं ते आता त्याला वहीत हवं होतं. आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाही डाग नव्हता. स्वच्छ, आनंदी, काम मिळालेल्या माणसाचा चेहरा.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "झोपा."

मान तपासताना तिने काही बोलायचं ठरवलं नव्हतं. तिने फायलीतून त्यांचा मुंबईचा मानेचा एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडात धरला. त्र्याहत्तराव्या वर्षी सगळ्यांच्याच मणक्यांच्या कडा झिजलेल्या असतात, तशा त्या होत्या. तिने बोट ठेवलं. "गुरुजी, हे इथे बघा."

"काय आहे?"

"झीज. मी परत नीट पाहिलं. वरच्या दोन मणक्यांची इतकी झीज आहे, की आपण जे करतोय त्यात धोका आहे."

"पण बरं वाटतंय की मला."

"थोडे दिवस वाटतं. मग एकदम जातं. यापुढे मान वळवायचे व्यायाम बंद करा. कोणालाही मानेला हात लावू देऊ नका, कोणी कितीही मोठा डॉक्टर असू दे. मी पट्टा देते, तो दिवसभर बांधा. मान खाली घालून काही करायचं नाही." ती थांबली. "लिहिणं तर नाहीच."

गुरुजी उठून बसले. पाय टेबलावरून खाली लोंबत होते, जमिनीला टेकत नव्हते. "कधीपर्यंत?"

"कायमचं. हे बरं होण्यातलं नाही. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

ते बराच वेळ एक्स-रेकडे बघत राहिले. मग वह्या एकावर एक नीट लावून पिशवीत घातल्या. तिने पट्टा बांधला तेव्हा त्यांनी आज्ञाधारकपणे हनुवटी वर केली. "उपकार झाले, मॅडम," ते म्हणाले. दुपारी जागृती घरी जेवली. आमटी चांगली झाली होती, तिने दुसऱ्यांदा भात घेतला. पश्चात्ताप येईल म्हणून ती वाट बघत होती असं नाही, पण येत नव्हता एवढं तिच्या लक्षात आलं. पट्ट्याने काय होणार ते तिला पाठ होतं. महिन्याभरात मानेचे स्नायू सुटतील, सांधे धरतील, हलवायची भीती बसेल आणि भीतीने मान आणखी आवळेल. उजव्या डोळ्यामागचं दुखणं परत येऊन बसेल आणि मग उठणार नाही. तिने काहीच केलेलं नव्हतं, नुसतं बोलली होती. शुद्ध मराठीत, पूर्ण वाक्यांत.

दहा आठवडे ती तशीच राहिली. पेशंट येत होते, खांदे, गुडघे, कंबर. मार्चच्या शेवटी एका रविवारी सकाळी तिने वडिलांना फोन केला. हिरामण आता भावाकडे असायचे. मिठागर गेलं होतं, तिथे कंटेनरचं यार्ड होतं आणि भाऊ प्रज्योत ट्रेलर चालवत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, शिगवण गुरुजी आले होते दवाखान्यात."

"शिगवन गुरुजी?" बापाचा आवाज एकदम उजळला. "हायेत ते अजून? बरा मानूस. तुला डॉक्टर केली ती त्यांनीच. ते नस्ते तं तू आज बांदावर असतीस. पाया परलीस का न्हाय?"

तिला ते दार आठवत होतं. त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला होता, काहीतरी विचारायचं ठरवून, धुतलेला सदरा घालून. पायांना मिठाने भेगा पडलेल्या, त्यांत पांढरं बसलेलं. गुरुजी वर्गातून म्हणाले, "पाय बाहेर ठेव, हिरामण. वर्ग सारवलाय." आणि बाप उंबऱ्याबाहेर उभा राहिला, सगळ्या वर्गासमोर. "घरी बोलता तसं पोरीला इथे बोलू देणार नाही मी. तुझ्याच भल्याचं आहे." बाप म्हणाला, "व्हय गुरुजी," आणि गेला. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. उरलेले आठ महिने ती शाळेत एक शब्द बोलली नाही. पाणी प्यायची नाही, म्हणजे बाहेर जायला विचारायला लागणार नाही.

"त्यांनी तुम्हाला दारात उभं केलं होतं," ती म्हणाली.

"कंदी?"

"मी चौथीत होते."

 बापाच्या बाजूला कोणीतरी ट्रेलर मागे घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज येत होता. "मना न्हाय आठवत," तो म्हणाला. "पाय चिखलाचे असतील. मंग बाहेरच उभा र्‍हायचा ना, पोरी."

खरंच विसरला की तसं म्हणाला, ते तिला कळलं नाही, आणि ती विचारू शकली नाही. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. ज्याच्यासाठी एवढी वर्षं तिने ते दार मनात धरून ठेवलं, त्याला ते दार नकोच होतं. राहता राहिली ती, आणि ओली जमीन, आणि एक म्हातारा, ज्याची मान आणखी सात खेपांत मोकळी झाली असती. परेशला पेशंट बघून येते एवढंच सांगून तिने स्कूटर काढली.

गुरुजींचं घर वाडीत आत होतं. पूनम ओटीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. तिला बघून ती गडबडीने उठली, पदराला हात पुसले. "मॅडम, तुम्ही एवढ्या लांब आलात?" मग आवाज खाली आणला. "पहिले तीन दिवस रडले. जेवले नाहीत. त्यांच्या मुलाला, गणराजला, मुंबईहून बोलावून घ्यावं लागलं. आता शांत आहेत. पण मॅडम, आता रोजच दुखतं त्यांचं. सकाळी उठल्यापासून."

माजघरात गुरुजी भिंतीला टेकून खाटेवर बसले होते. गळ्यात पट्टा, कपाळाला करकचून बांधलेलं फडकं. बारक्या खिडकीतून उजेडाची एक पट्टी त्यांच्या गुडघ्यांवर पडली होती. दाराकडे बघायला त्यांनी मान वळवली नाही, अख्खं अंग वळवलं. दहा आठवड्यांत खांदे पुढे आले होते, गाल बसले होते. ते एखाद्या भांड्यासारखे बसले होते, हललं तर सांडेल असे.

"वह्या कुठे आहेत, गुरुजी?"

"माळ्यावर ठेवल्या पूनमने. समोर असल्या की हात जातो."

जागृती खाली, त्यांच्या पायाशी बसली. "गुरुजी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमची मान बरी होण्यासारखी आहे. तेव्हाही होती. तो पट्टा काढा. मी रोज इथे येईन, आजपासून परत सुरू करू."

गुरुजी किंचित हसले. हसण्यानेही दुखलं असावं, उजवा डोळा मिटला. "मीसुद्धा असंच करायचो. नापास होणाऱ्या पोराला परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगायचो, तू पास होशील बरं."

"मी धीर देत नाही. मी मुद्दाम केलं. तुमच्यावर राग होता माझा." तिला वाटलं होतं हे बोलताना काहीतरी होईल, पण शब्द सरळ बाहेर पडले. "मी तुमच्या शाळेत होते. चौथीत. हिरामणची मुलगी. मला नीट बोलता येत नव्हतं म्हणून तुम्ही मला बाहेर जाऊ दिलं नाहीत. सगळ्यांसमोर माझा परकर भिजला."

ते बराच वेळ आठवत राहिले. कपाळावरचं फडकं हललं. "हिरामण," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत किती हिरामण." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरलं. तिला वाटलं, आता. पण तो आनंद होता. "म्हणजे तू माझी विद्यार्थिनी. पूनम, ऐकलंस का? या मॅडम माझ्या हाताखाली शिकलेल्या." त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला, हलकाच. "तरीच. मुंबईचे सगळे आशा लावत होते. तू एकटीने खरं सांगितलंस. आता मला असा बघून तुला वाईट वाटतंय, म्हणून काहीबाही बोलतेस. बोलू नये असं. खरं सांगायला छाती लागते, ते आपणच पुसून टाकू नये."

"गुरुजी, मला एकदा मान बघू द्या." तिने हात पुढे केला.

ते झटक्यात मागे सरले, डोकं भिंतीला लागलं आणि तोंडातून एक बारीक आवाज निघाला, मांजराच्या पिल्लाचा असतो तसा. दोन्ही हातांनी त्यांनी पट्टा घट्ट धरला. "नाही. हात नको लावूस. तूच सांगितलंयस ना, कोणालाही लावू द्यायचा नाही." त्यांच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी, लहान मुलाची. जागृतीने हात मागे घेतला.

पूनम दारात आली होती. जागृती उठल्यावर तिने वाट दिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. आता कुठे त्यांनी मनाची समजूत घातलीये. परत असं काही सांगायला येऊ नका."

"तुम्ही तरी ऐका. त्यांना दुसऱ्या कोणाकडे न्या. पनवेलला, कुठेही."

"ते येणार नाहीत," पूनम म्हणाली. "तुमचं नाव सांगतात सगळ्यांना. शेजारच्यांची मान दुखत होती, त्यांनाही सांगितलं, मॅडमकडे जा, त्या खोटं बोलत नाहीत."

"जाताना ती खिडकी लाव गं," गुरुजी खाटेवरून म्हणाले. डोळे मिटलेले होते. "उजेडाने डोळ्यात टोचतं."

जागृती परत आत गेली. तिने खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली आणि वाऱ्याने उघडतील म्हणून कडीही घातली.